घरातनं पास झालेला वस्तरा

आमच्या घरमालकिणीच्या भांगाजवळ, उजव्या अंगाला, बंद्या रुपयाएवढं टक्कल होतं. मी नवी नवरी म्हणून म्हसवडहून सांगलीत आले तेव्हा पहिल्याच दिवशी माझी नजर तिथं गेली. मनात म्हटलं, चाई पडलेली दिसतेय, हिच्या कंगव्याला आपला कंगवा लागू द्यायचा नाही. पुढं आठवडाभरात कळलं की ते टक्कल रोगाचं नव्हतं, धंद्याचं होतं.

घरमालक इमामचाचा शिकलगार न्हाव्यांचे वस्तरे करायचे. खणभागातल्या एका बोळात त्यांचं बसकं घर. पुढच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं दिलेल्या, मागच्या दोनांत ते दोघं, आणि परसातल्या पडवीत त्यांची भट्टी, ऐरण आणि पट्ट्यानं फिरणारं दगडी चाक. बाजारातनं मोडक्या कानशी आणायच्या, तापवून ठोकून त्यांचं पातं काढायचं, लाल झालं की तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, चाकावर पातळ करायचं, पथरीवर धार लावायची आणि म्हशीच्या शिंगाची मूठ बसवायची. गावोगावचे जुने वस्तरेही दुरुस्तीला यायचे. कुणाचा गंजलेला, कुणाचा खांडे पडलेला, कुणाचा आज्यापासनं घासून घासून दातकोरण्याएवढा उरलेला. चाचा प्रत्येकाला शिव्या देत जिवंत करायचे.

इथवरचं काम चाचांचं. शेवटचं काम हलीमाचाचीचं. स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला चामड्याचा लांब पट्टा अडकवलेला असायचा. चाची एका हातानं त्याचं टोक ताणून धरायची आणि दुसऱ्या हातानं वस्तरा त्यावर वरखाली परतायची. पाठ पुढं, धार मागं. टोकाला गेलं की वस्तरा पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीच नाही. चुलीवर भात शिजतोय, तोंडानं माझ्याशी गप्पा चालल्यात आणि हात आपला चपाक चपाक चाललाय. मग ती थांबायची, भांगाजवळचा एक केस उपटायची आणि एका टोकाला धरून त्याचं मोकळं टोक धारेला नुसतं टेकवायची. केस आपसूक दोन झाला तर वस्तरा पास. नाही झाला तर ती तो मुकाट्यानं पडवीच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची, आणि चाचा मुकाट्यानं परत पथरीवर घ्यायचे.

केस नेहमी त्याच जागचा का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "अगं शालन, रोज येगळं माप घिऊन कापड मोजत्यात व्हय?"

कुपवाडला नवीन नवीन कारखाने निघाले होते, त्यातल्या एकात आमचे हे कामाला होते. हे म्हणायचे, "आमच्याकडं माल तपासणाऱ्याला पगार मिळतो. चाचीला टक्कल मिळालं." चाचा त्यावर खोखो हसायचे आणि चाची पदर पुढं ओढायची.

चाचा अंगानं वाळकी काठी. लुंगी, बंडी, आणि माशी बसली तर घसरेल असे गुळगुळीत गाल. कारण प्रत्येक वस्तरा स्वयंपाकघरात जाण्याआधी ते स्वतःच्या गालावर चालवून बघायचे. काम जास्त असलं की एक गाल एका वस्तऱ्यानं आणि दुसरा दुसऱ्यानं. तोंडाला साबण लावूनच ते बोळातल्या लोकांशी बोलायचे, भाजीवालीशी घासाघीस करायचे. मी सुरुवातीला लाजून आत पळायची. "लोकांच्या गळ्यावर चालायची वस्तू हाय ही," असं ते म्हणायचे. "दूधवाला पानी घालंल, सोनार तांबं घालंल. आपल्याला खोटं परवडत न्हाई."

त्यांचा आणखी एक नेम होता. वस्तरा कधी कुणाच्या हातात द्यायचा नाही. फडक्यावर खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं तो उचलून घ्यायचा. धारेची वस्तू हातोहात दिली की भांडण होतं, हे आमच्याकडेही मानतात, पण चाचा ते बायकोशीसुद्धा पाळायचे. त्यामुळं की काय, त्या दोघांचं भांडण मी कधी ऐकलं नाही. घरात ती दोघं दखनीत बोलायची, पण आमच्याशी बोलता बोलता मराठीवर यायची, आणि माझ्या कानात आता तेवढंच राहिलंय.

एकदा आमच्या माण तालुक्यातला एक फौजी सुट्टीवर आला होता. त्याच्याकडं लांबच्या कुठल्यातरी मुलखातनं आणलेला वस्तरा होता, गंजून लाल झालेला. चाचांनी तो आरशासारखा केला. फौजी न्यायला आला तर म्हणाले, "थांबा. अजून आतनं पास व्हायचा हाय." चाचीनं केस लावला आणि वस्तरा उंबऱ्यावर परत आला. फौजी दुसऱ्या दिवशी आला, तरी परत तेच. त्याची रजा संपत आलेली, तो पार वैतागला. "आरं, आत कोन कर्नल बसलाय का काय?" असं म्हणून त्यानं पडद्यातनं डोकावलं, तर आत चाची लसूण सोलत बसलेली. तिनं मान वर न करता सांगितलं, "दम खा बाबा. लडाई बंद हाय न्हवं?" फौजी बाहेर येऊन ओट्यावर गप बसला. तिसऱ्या खेपेला केस दोन झाला तेव्हा त्यानं दाराकडं तोंड करून चक्क सलाम ठोकला. चाचा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "मी नुस्ता लोहार. धार तिची हाय."

हे ते चेष्टेनं म्हणत नव्हते. म्हणून तर पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

पहिल्यांदा भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. ते कुणाच्या घरात होत नाही? मग एका सकाळी चाची माझ्या दारात आली आणि म्हणाली, "बाई, तुमी नव्या आलाय का हितं? नाव काय तुमचं?" मला वाटलं थट्टा करतेय. मी हसले. तीही हसली, पण तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. दुपारी मात्र "शालन, ताक हाय का गं?" म्हणून नेहमीसारखी हाक मारली.

मग एक दिवस पट्टा मधोमध चिरला. चाचा म्हणाले, चामडं जुनं झालं. त्यांनी नवा पट्टा आणला, तोही चार दिवसांत चिरला. त्या वेळी मी तिथंच होते. चाचीचा हात नेहमीच्याच तालात चालला होता, पण टोकाला गेल्यावर वस्तरा तिनं पाठीवरून उलटवलाच नाही, धारेवरून वळवला. मी चाचांकडं बघितलं. त्यांनीही ते बघितलं होतं. तिसऱ्यांदा पट्ट्याऐवजी बोटं चिरली. चाचांनी हळद दाबून फडकं बांधलं आणि ती सारखी विचारत होती, "कुनाला लागलं? कुनाला लागलं वो?"

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वयानं विसरायला होतंय, औषध नाही. तिचं वय साठसुद्धा नव्हतं. चाचांनी मिरजेच्या दर्ग्याला चादर चढवली. माझ्या सासूबाई आल्या होत्या, त्यांनी सिद्धनाथाचा अंगारा दिला. चाचांनी तोही दोन्ही हात पुढं करून घेतला आणि चाचीच्या कपाळाला लावला. आमचे हे रात्री मला म्हणाले, "कशाचा उपयोग होणार नाही गं." मला त्यांचा राग आला. खरं बोलल्याचा राग आला.

चाचांनी मग वस्तरे कुलपात टाकले. त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. चाची दिवसभर घर हुडकायची. पिठाचा डबा उपडा, गादी उपडी, चुलीतली राखसुद्धा उपसलेली. "गिऱ्हाईक खोळंबलंय. कुटं ठेवलासा? मला माजं काम द्या की वो." आणि हुंदके देऊन रडायची. हातात पट्ट्याचं टोक धरून नुसती उभी राहायची. मिरजेला दिलेल्या थोरल्या लेकीनं तिला आपल्याकडं नेऊन बघितलं. दोन दिवसांत परत आणून सोडलं, कारण चाचीनं तिथं अन्नाला हात लावला नव्हता.

वस्तरा दिला तर हात कापतोय, न दिला तर जीव कापतोय. चाचा माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, तूच सांग, काय करू?" मी चहा टाकला.

शेवटी त्यांनी बिनधारेचा वस्तरा केला. एवढ्या आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते. पातं तेच, मूठ तीच, चकाकी तीच, फक्त धार दगडावर मोडून गोल केलेली. भट्टीपाशी बसून ते ती धार मोडत होते तेव्हा मी परसात धुणं वाळत घालत होते. त्यांनी वर बघितलं आणि परत मान खाली घातली. मी धुणं तसंच टाकून आत आले.

चाचीला वस्तरा मिळाला. चपाक चपाक सुरू झालं. आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग तिनं केस उपटला आणि धारेला लावला.

केस वाकला. कापला नाही. तिनं दुसरा लावला. तोही वाकला. नवऱ्याचं नाव, माझं नाव, दुपारचं जेवण, सगळं विसरणारी ती बाई हे विसरली नव्हती. ती वस्तरा घेऊन उंबऱ्यावर आली आणि चाचांच्या तोंडाकडं बघत राहिली. "आवं, तुमचा हात गेला की वो," ती म्हणाली. तिचा आवाज इतका कळवळला होता की कुणी मेल्याची बातमी सांगतेय असं वाटावं. "आता कसं हुयाचं तुमचं?"

चाचा म्हणाले, "व्हय. गेला हात."

हे रोज चालू झालं. रोज तिला नव्यानं कळायचं की नवऱ्याचा हात गेला, आणि रोज ती नव्यानं हादरायची. तिचा केस उपटण्याचा सपाटाही वाढला. रुपयाएवढं टक्कल तळहाताएवढं झालं, त्याला बारीक रक्त दिसू लागलं. एका सकाळी चाचा माझ्या दारात आले, मान खाली घालून. "पोरी, एक मागू का? रागावू नगंस. तुजा एकादा केस देशील?"

केस परक्याच्या हाती जाऊ देऊ नये, कंगव्यातलं गुंतवळसुद्धा थुंकून टाकावं, हे मला लहानपणापासनं पढवलेलं. सासूबाई असत्या तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी तिथल्या तिथं वेणी सोडली आणि एक लांब केस ओढून दिला. चाचीनं तो उजेडात धरला, बोटात फिरवला आणि चाचांना म्हणाली, "ह्यो पोरीचा केस हाय. कवळा हाय. ह्यावर पारख करू नका, गिऱ्हाईक फसंल."

त्यानंतर चाचा खोटं करायला शिकले. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलं. ती केस टेकवायची तेव्हा वस्तरा ते धरायचे, आणि नखाखाली केस चिमटून असा झटकन तोडायचे की कापला असंच वाटावं. पहिल्या दिवशी तो दोन झाला तेव्हा चाचीनं टाळी वाजवली. चाचा परसात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसले.

या खोट्यातनंच पुढचा घोटाळा झाला. कोपऱ्यावर दत्तूचं सलून होतं. दत्तूचे सगळे वस्तरे चाचांचे, त्याच्या बापाचेही त्यांचेच. चाचा अजून थोडं खरं काम करायचे, चाची झोपली की. दत्तूचा नवा वस्तरा करून त्यांनी पेटीत ठेवला होता, आणि कुलूप घालायचं राहून गेलं. चाचीनं त्या दिवशी पास झालेला बोथट वस्तरा जुन्या सवयीनं तेलाच्या फडक्यात गुंडाळला, सुतळी बांधली आणि पेटीत दत्तूच्या वस्तऱ्याच्या जागी ठेवला. खरा तिनं कुठं टाकला कोण जाणे. दत्तू आला, चाचांनी पेटीतनं पुडकं काढून फडक्यावर ठेवलं. तिनं बांधलेलं पुडकं सोडून बघायचं नाही, हा संसारभराचा रिवाज. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा त्यांच्या हातानं तो मोडला नाही.

दत्तूनं तो वस्तरा नेमका एका नवरदेवाच्या दाढीला काढला. हळदीचा मुहूर्त, वऱ्हाड खोळंबलेलं आणि वस्तरा गालावर नुसता साबण सारतोय. लोक हसले. दत्तू सलून सोडून बोळातनं ओरडतच आला. "इमामचाचा, ही काय चेष्टा हाय? भर बाजारात नाक कापलं माजं!" माणसं गोळा झाली. चाचा ओट्यावर उभे, आणि त्यांच्या मागं दारात चाची.

"दत्तू, हळू बोल," चाचा म्हणाले. "माजा हात गेलाय रं आता. चुकलं."

"हात गेला तर सांगायचं! तपासून तरी द्यायचा!"

तेव्हा चाची पुढं आली. म्हणाली, "तपासलाय की. मी बगून दिलाय. आपल्या घरातनं खोटा माल जात न्हाई." आणि ते पटवायला तिनं डोक्याला हात घातला आणि केस उपटला. तिचं डोकं दत्तूला दिसलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग चाचांकडं. चाचांनी फक्त मान हलवली, नको म्हणून. दत्तूचा सगळा जाळ उतरला. "व्हय चाची," तो म्हणाला, "माजीच चूक झाली. मी उलटा धरला आसंल." आणि खाली मान घालून गेला.

पण बोळातली माणसं तोवर बाजारात पोचली होती. इमामचा हात गेला, ही बातमी सांगलीपासनं तासगावपर्यंत गेली, आणि ती खोटी आहे असं सांगायचं तर चाचीचं सगळं सांगावं लागलं असतं. चाचांनी कुणाला काही सांगितलं नाही. आम्हालाही सांगू दिलं नाही. भट्टी थंड झाली. घरात एकही धारेची वस्तू नको म्हणून त्यांनी उरलेले वस्तरे दत्तूकडं नेऊन ठेवले, भाजी मी चिरून द्यायची. त्यांची दाढी वाढू लागली. दत्तू म्हणाला, मी करतो. चाचांनी ऐकलं नाही. मोहल्ल्यातली माणसं खूश झाली, म्हातारा धर्माला लागला म्हणून. मला वाटलं, जिद्द असेल. ज्यानं जन्मभर स्वतःच्या वस्तऱ्यानं दाढी केली तो दुसऱ्यापुढं गाल कसा करेल?

मग ह्यांना साताऱ्याकडं चांगली नोकरी लागली आणि आम्ही खोल्या सोडल्या. निघताना चाचीनं मला विचारलं, "कुनाच्या तुमी?"

पुढं दोनेक वर्षांनी एका लग्नाला सांगलीत आले तेव्हा वाट वाकडी करून त्या बोळात गेले. दार उघडं होतं. चाचा ओट्यावर बसलेले, छातीपर्यंत पांढरी दाढी. पुढ्यात चाची. तिचे केस पार बारीक कापलेले होते, चिमटीत येणार नाहीत इतके. मांडीवर तोच बोथट वस्तरा, दाराच्या कडीला पट्टा.

मी बसले. चाचीनं मला ओळखलं नाही, ते अपेक्षितच होतं. चाचांकडं बोट करून ती म्हणाली, "आमचं मालक भायेर गेल्यात. तवर ह्यो म्हातारा येऊन बसतोय. गरीब हाय, कुनाच्या अध्यात न्हाई." चाचा माझ्याकडं बघून हसल्यासारखं करत होते. मला त्यांच्याकडं बघवेना.

चाचीचा वस्तरा परतून झाला. ती म्हणाली, "दे रं बाबा."

चाचांनी हनुवटी पुढं केली. चाचीनं दाढीतला एक जाड पांढरा केस बोटाला गुंडाळला आणि ओढला. चाचांचे डोळे पाणावले, मान मात्र हलली नाही. दाढी कशासाठी वाढवलीय ते मला त्या क्षणी कळलं. केस धारेला टेकला, चाचांचा अंगठा हलला, केस दोन झाला.

"बगा," चाची मला म्हणाली, आणि तिचा चेहरा अभिमानानं फुलला, "लोकं म्हनत व्हती हात गेला. हाय का न्हाई आमच्या मालकाचा हात?"

"हाय की," मी म्हटलं.

"मग न्या. पास झालाय."

चाचांनी वस्तरा उचलला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला. खाली फडक्यावर नाही, हातात. धारच नव्हती, भांडण कशाचं होणार? हळूच म्हणाले, "घे पोरी. जाताना कोपऱ्यावर दत्तूकडं ठिव. उद्या परत लागतोय."

दत्तू कुणाची तरी दाढी करत होता. माझ्या हातात वस्तरा बघून त्यानं काही विचारलं नाही, डाव्या हातानं खण ओढला. मी तो त्यात ठेवला. बोळाकडं वळून बघितलं तर चाचा हनुवटी चोळत बसले होते, आणि चाची त्यांना म्हणत होती, "बस रं बाबा, च्या पिऊन जा. मालक येतीलच इतक्यात."